काळ्या शाईतील गुन्हेगार
चित्रकथा म्हणजे मुलांचा विरंगुळा, हा समज अमेरिकेत १९४० सालीच डळमळला. विल आयस्नर यांची ‘द स्पिरिट’ ही चित्रमालिका रविवारच्या वृत्तपत्रांसोबत घरोघरी जाऊ लागली. ओल्या गल्ल्या, दाट सावल्या आणि परिस्थितीच्या रेट्याने घसरलेली साधी माणसे! त्यांच्यात प्रौढ वाचकाला आपलाच दुबळेपणा दिसे. पुढे गुन्हेगारी चित्रकथांच्या भडकपणावर ओरड झाली. सिनेटच्या चौकशीनंतर, १९५४ साली प्रकाशकांनी आचारसंहिता स्वीकारली. गुन्हेगाराविषयी सहानुभूती नको, सत्प्रवृत्तीचा जय प्रत्येक वेळी व्हावा, असा तिचा दंडक होता. हेतू मुलांच्या हिताचा खरा. परंतु माणूस का घसरतो, हा प्रौढांचा प्रश्न त्यात गुदमरला. १९९१ साली फ्रँक मिलर यांच्या ‘सिन सिटी’ने तो काळ्या-पांढऱ्या चित्रांतून पुन्हा ठळकपणे मांडला.