‘एका रात्रीत कान गेला’
* ७२ तासांच्या आत, लागोपाठच्या तीन वारंवारतांवर ३० डेसिबल किंवा अधिक श्रवणशक्ती घटली तर ते आकस्मिक बहिरेपण. गायिका अलका याज्ञिक यांनी २०२४मध्ये जाहीर केलेला विकार याच जातीचा. निदान श्रवणमापनानेच होते, रक्ततपासणीने नव्हे. सीबीसी या रक्ततपासणीतले न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर चढे असल्यास कान सुधारण्याची शक्यता कमी, असे अनेक अभ्यासांत दिसले. अशा अभ्यासांत फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाचीही तपासणी झाली. पण हे गुणोत्तर जंतुसंसर्गातही चढते, त्यामुळे एकट्या रुग्णाचे भाकीत त्यावरून करणे धाडसाचेच. ‘एका रात्रीत कान गेला’ या मजकुरातले पाटील कानात मळ अडला असे समजून तुळजापूरचे नवरात्र उरकेपर्यंत थांबले. स्टिरॉइडचा उपयोग मात्र मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत होतो. — संपा.