केशवाढ आणि संप्रेरके

डोक्यावर केसांची सुमारे एक लाख मुळे असतात. ती गर्भातच तयार होतात. पुढे नवी येत नाहीत. त्या मुळातून बारीक लव उगवणार की राठ केस, आणि तो किती काळ वाढणार, हे बऱ्याच अंशी संप्रेरके (हॉर्मोन्स) ठरवतात. डोक्यावरचा केस साधारण २ ते ६ वर्षे, महिन्याला सुमारे १ सेंमी. वाढतो. मग २-३ आठवड्यांत वाढ थांबते आणि तो सुमारे तीन महिन्यांनी गळतो.

वयात येताना काखेत केस येतात आणि मुलांना मिसरूड फुटते, ते पुंसंप्रेरकांमुळे. टेस्टोस्टेरोनपासून बनणारे डीएचटी हनुवटीवरची लव जाड करते. तेच डीएचटी टाळूवरच्या जाड केसाची लव करून टाकते. फरक मुळाच्या आनुवंशिक घडणीत आहे. डोक्याच्या मागच्या बाजूची मुळे डीएचटीला दाद देत नाहीत. ती पुढे लावली तरी स्वभाव सोडत नाहीत, म्हणूनच केसांचे रोपण टिकते. वयात येण्यापूर्वी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, पण टेस्टोस्टेरोन दिल्यावर घराण्यात टक्कल असलेल्यांना ते पडते, असे जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवले.

मुलीच्या हनुवटीवर राठ केस दिसले की घरचे तिला थ्रेडिंगला पाठवतात. पाळी वेळेवर येते का, हे आधी विचारायला हवे. पीसीओएस या अंडाशयाशी निगडित विकारात रक्तातले जादा इन्शुलिन अंडाशयाला जास्त पुंसंप्रेरके बनवायला लावते. त्यातून चेहऱ्यावर केस वाढतात, तर टाळूवर भांग रुंदावतो. मुंबईतील किशोरी व तरुणींच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रॉटरडॅम निकषांनुसार २२.५ टक्के जणींना पीसीओएस आढळले. अधिक कडक निकषांनी तेच प्रमाण १०.७ टक्के भरले. म्हणजे निदान निकषांवर हलते, आणि केवळ सोनोग्राफीवरून ते करणे घाईचे ठरते. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेत या विकारासाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे.

गरोदरपणी इस्ट्रोजेन वाढते, केस गळायचे थांबतात, वेणी दाट दिसते. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन एकदम उतरते आणि थांबून राहिलेले केस दोन-चार महिन्यांनी एकत्र गळतात. बाळ ओळखू लागले की आईचे केस गळतात, असे घरोघरी सांगतात. त्यातला काळाचा हिशेब बरोबर आहे, कारण मात्र बाळ नव्हे. बहुतेकींचे केस वर्षभरात पूर्ववत होतात. त्या काळात महागडी तेले घेण्यापेक्षा हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेणे शहाणपणाचे. थायरॉइड मंदावला तर केस कोरडे, भरड होतात आणि भुवयांची बाहेरची टोके विरळ होतात.

प्रत्येक गळती संप्रेरकांची नसते. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या गावांत बायका, पुरुष, मुले अशा सगळ्यांना काही दिवसांतच टक्कल पडले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यामागे रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियम असल्याचे मांडले.