विमानप्रशिक्षक परीक्षेची तयारी
विमान चालवायला शिकवण्यासाठी आधी व्यावसायिक वैमानिक परवाना म्हणजे सीपीएल लागतो. त्यानंतर डीजीसीएचे सहायक प्रशिक्षक रेटिंग मिळवावे लागते. सहायकाने प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवायचे असते.

या परीक्षेत उड्डाणाइतकीच शिकवण्याचीही कसोटी लागते. शिकाऊ वैमानिक डावीकडे बसतो. त्यामुळे उमेदवाराला उजव्या आसनावरून विमान चालवत प्रत्येक कृती बोलून समजावण्याचा सराव करावा लागतो. जमिनीवर फळ्यापुढे पाठ घेण्याचीही तयारी हवी.

सर्वांत अवघड भाग म्हणजे चूक किती वेळ होऊ द्यायची हे ठरवणे. विमान लवकर हाती घेतले तर विद्यार्थी शिकत नाही. उतरताना उशीर झाला तर सावरायला उंची उरत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील वळसंगसारख्या गावातील उमेदवाराला बारामती किंवा कलबुर्गी येथील उड्डाण प्रशिक्षण संस्था तुलनेने जवळ पडतात.