कोळशाच्या पैशातून निघालेला विषय

आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवायला पहिलं अध्यासन लंडनला निघालं असेल, असं वाटतं ना? नाही! ते निघालं १९१९ मध्ये, वेल्सच्या समुद्राकाठच्या ॲबरिस्टविथ या छोट्या गावात. पहिल्या महायुद्धात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या दोन बहिणींनी २०,००० पौंड दिले. आजोबांच्या कोळसा खाणींचा पैसा, बरं का. हेतू एकच: अशी पोरं पुन्हा मरू नयेत.

१९३६ साली त्याच पदावर ई. एच. कार आले. डेव्हिसना ही नेमणूक मुळातच नको होती. कार यांचं म्हणणं, नुसत्या सदिच्छेनं शांतता येत नाही. सत्ता कुणाच्या हातात आहे, ते आधी बघा. त्यांचं 'द ट्वेंटी इयर्स क्रायसिस' सप्टेंबर १९३९ मध्ये बाजारात आलं, तेव्हा दुसरं महायुद्ध सुरूही झालं होतं.