कॅफे लीना

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील सॅराटोगा स्प्रिंग्झ या शहरातील लोकसंगीताचे एक लहान पण ख्यातनाम कॉफीपानगृह. बिल व लीना स्पेन्सर या दांपत्याने ते १९६० मध्ये फिला रस्त्यावरील एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर सुरू केले. चार पैसे गाठीशी बांधून यूरोपात जाऊन राहावे, एवढाच त्यांचा मूळ बेत होता. लोकसंगीताच्या सेवेचा नव्हे.

१९६१ मध्ये बॉब डिलन येथे गायला. तेव्हा त्याला फारसे कोणी ओळखत नसे. गाणे चालू असताना श्रोते आपापसांत बोलत राहिले, म्हणून बिलने मंचावर जाऊन त्यांना समज दिली, असे सांगतात. पुढे बिल निघून गेला, यूरोपचा बेत बारगळला आणि सारा भार एकट्या लीनावर आला. मद्यविक्री नाही, आसने मोजकी. त्यामुळे पैशाची विवंचना कायमची. रॉक संगीताच्या लाटेत अशी अनेक स्थळे लयास गेली. केंब्रिजचे प्रसिद्ध ‘क्लब ४७’ १९६८ मध्ये बंद पडले. कॅफे लीना मात्र टिकले. लीना नवोदितांना मंच देई, फिरत्या गायकांना घरी उतरवून घेई, जेवू घाली. नावारूपाला आलेले कलावंतही या लहानशा खोलीत पुन्हा गायला येत, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

१९८९ मध्ये कॅफेच्याच जिन्यावरून पडल्यानंतर लीनाचे निधन झाले. तिच्या स्नेह्यांनी संस्था स्थापून कॅफे चालू ठेवले. २०१६ मध्ये इमारतीचे नूतनीकरण होऊन आसनसंख्या सु. ११० झाली. अमेरिकेत अखंड चालत आलेल्या लोकसंगीताच्या कॉफीपानगृहांत ते सर्वांत जुने गणले जाते.