तालमीचा भाऊबंद : लिलाव

ऑक्टोबर २०२४. माळेगावात कारखान्याचं धुराडं अजून पेटायचं होतं आणि शिवारात ऊस उभा होता. तिकडे दिल्लीत सात वर्षांच्या खंडानंतर हॉकी इंडिया लीग पुन्हा उभी राहत होती आणि खेळाडूंचा लिलाव चालला होता. मी मोबाइल भिंतीला टेकवून, मांडीवर वही घेऊन बसलो होतो. पुरुषांच्या प्रत्येक संघाकडे चार कोटींची थैली, तिच्यात चोवीस खेळाडू बसवायचे, त्यांत किमान सोळा भारतीय. हरमनप्रीत सिंगचं नाव पुकारलं गेलं, बोली चढत गेली आणि ७८ लाखांवर सूरमा हॉकी क्लबाच्या नावाने थांबली.

शेजारचे तात्या चहाला आले होते. दरवर्षी सुप्याच्या उपबाजारात चिंच घेऊन जाणारा माणूस. थोडा वेळ बघून म्हणाले, "आरं, हे आमच्या सुप्यावानीच की! तिथं चिंचंचा लिलाव, हितं तालमीतल्या पोरांचा."

तात्यांच्या तोंडून तालीम आणि लिलाव हे दोन शब्द एका दमात निघाले. रात्री सहज म्हणून लिलावाचं मूळ शोधायला बसलो आणि जे हाती लागलं त्याने झोप उडाली. हे दोन शब्द एकाच घरचे आहेत. दोघांचाही धातू अरबी, तीन व्यंजनांचा : ऐन, लाम, मीम. 'इल्म' म्हणजे ज्ञान, हे त्या घरातलं वडीलधारं माणूस. जे कळलं ते 'मालूम'. ज्याला कळतं तो 'आलीम'. शिकवणं म्हणजे 'तालीम'. ती मराठीत आली आणि मातीच्या हौद्यात लाल झाली, नाटकवाल्यांनी तिला रंगमंचावरही नेलं. आणि लिलाव? तो याच घरातला परदेशी जाऊन परत आलेला भाऊ.

परतीचा शेवटचा टप्पा सर्वांना ठाऊक आहे, तो आधी उरकतो. पोर्तुगिजांचा 'लेलांव' गोव्यात उतरला आणि मराठीत लिलाव झाला. शेवटचा 'आव' ओळखीचा वाटत असेल, तर वडापाव आठवा. त्यांच्याच 'पांव'चा पाव झाला त्याच चालीने हा झाला. हिंदीने त्याचा नीलाम केला, बंगालीने निलाम, गुजरातीने लिलाम. मल्याळममध्ये तो लेलम आहे, तमिळमध्ये एलम आणि थेट इंडोनेशियात लेलांग. म्हणजे जिथे जिथे पोर्तुगीज गलबत लागलं तिथे तिथे हा शब्द उतरला. शेजाऱ्यांनी शेवटी 'म' ठेवला आणि आपण 'व' ठेवला, याचं कारण माझ्या मते असं की, मराठीने तो लिहिलेल्या कागदावरून घेतला नाही. तो गोव्या-कोकणच्या तोंडातून, त्या अनुनासिक उच्चारासकट उचलला.

त्या काळच्या गोव्यातला लिलाव कसा होता, हे यान हायगेन फान लिन्सखोटेन या डच तरुणाने लिहून ठेवलंय. तो १५८३ मध्ये गोव्यात आला आणि आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. त्याचं पुस्तक १५९६ मध्ये निघालं. शहराच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी सात ते नऊ हा बाजार भरायचा, असं तो सांगतो. माणूस मेला की त्याची सगळी चीजवस्तू तिथे आणून शेवटच्या दमडीपर्यंत विकत. मग तो साधा शिपाई असो की खुद्द व्हाइसरॉय. अरबी घोडे विकले जात. गुलाम माणसंही विकली जात.

या शेवटच्या वाक्याकडे पाठ फिरवून पुढे जाणं मला जमणार नाही. "माणसांचा कसला लिलाव करता?" असं खेळाडूंच्या लिलावाबद्दल अनेकजण विचारतात आणि त्यांच्या प्रश्नाला या रस्त्याची आठवण आहे. गोव्याच्या त्या रस्त्यावर माणूस स्वतः विकला जात होता, किंमत दुसऱ्याच्या खिशात जात होती. आज खेळाडू स्वतः नाव नोंदवतो, मूळ किंमत मांडतो (२०२४ मध्ये ती दोन, पाच किंवा दहा लाखांपैकी एक होती), आणि चढलेली रक्कम त्याला मिळते. विकला जातो तो त्याच्या खेळाचा करार. फरक जमीन-अस्मानाचा आहे. तरी शब्द तोच राहिल्यामुळे विचारणाऱ्याला विचारायचा हक्क आहे, असं मी मानतो.

आता खरी भानगड. पोर्तुगीजमध्ये 'लेलांव' आला कुठून? अरबीतून, यावर बहुतेकांचं एकमत. पण अरबीतल्या कोणत्या शब्दातून, यावर दोन तट आहेत.

पहिला तट म्हणतो, 'अल्-इअ्लाम' मधून. इअ्लाम म्हणजे कळवणं, जाहीर करणं. हे मत तेलुगूचे कोशकार चार्ल्स फिलिप ब्राउन यांच्या हस्तलिखित टिपणांत होतं. यूल आणि बर्नेल यांनी ते १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात नोंदवलं. तिथेच त्यांनी एक अडचणही प्रामाणिकपणे सांगितली : स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये शिरलेल्या अरबी शब्दांचा जो डोझी आणि एंगेलमान यांचा मान्यवर कोश आहे, त्यात हा शब्दच नाही.

दुसरा तट म्हणतो, 'अल्-अअ्लाम' मधून. 'अलम' म्हणजे निशाण, अअ्लाम हे त्याचं अनेकवचन. मोहरमच्या मिरवणुकीत ताबुतांबरोबर निघतात ते अलम हेच. विक्रीच्या जागी निशाण रोवायचं, ते बघून लोक जमायचे, आणि निशाणाचंच नाव विक्रीला पडलं, असा हा युक्तिवाद. पोर्तुगीज कोशकारांत याला मानणारे बरेच आहेत. त्यांच्या बाजूने मला सापडलेला सर्वांत बळकट पुरावा रोमचा. युद्धात मिळालेली लूट विकताना रोमन लोक जमिनीत भाला रोवत. 'भाल्याखालची' विक्री या अर्थाचा लॅटिन शब्दप्रयोग पुढे स्पॅनिशमध्ये 'सुबास्ता' झाला आणि आजही स्पेनमध्ये लिलावाला सुबास्ताच म्हणतात. भाल्यावरून नाव पडू शकतं, तर निशाणावरून का नाही?

त्यांचा आणखी एक मुद्दा होऊ शकतो. पुकारा करून विकण्याला स्पॅनिशने अरबीतूनच 'अल्मोनेदा' घेतला होता, मुनादा म्हणजे हाक या शब्दावरून. पोर्तुगीजमध्ये त्याचा 'अल्मोएदा' झाला. हाकेचा शब्द घरात असताना जाहीर करण्याचा दुसरा कशाला आणतील?

बरेच दिवस मी या दुसऱ्या तटाकडे झुकलो होतो. आता नाही. माझा कौल इअ्लामला, आणि कारणं दोन. एक ध्वनीचं. 'अल्-इअ्लाम' मधला पहिला 'अ' गळाला की उरतं 'लिअ्लाम'. तिथून 'लेलांव' एका पायरीवर आहे. निशाणाच्या शब्दातून निघालं तर पहिल्या अक्षरात 'ए' कुठून आला हे वेगळं समजावून सांगावं लागतं. दुसरं कारण बाजारात उभं राहिल्यावर पटतं. भाला मुका असतो, निशाणही मुकं असतं. किंमत चढते ती तोंडाने. आपण काय म्हणतो बघा : बोली, पुकारा, सवाल. 'सवाल चढला' म्हणतो, तो सवालही अरबीच, प्रश्न या अर्थाचा. हिंदुस्थानातले इंग्रज लिलावाला 'आउटक्राय', म्हणजे आरोळीच म्हणत. आणि अल्मोनेदा घरात होता म्हणून दुसरा शब्द नको, हा मुद्दा मराठीच्या माणसाला तरी पटू नये. आपल्याकडे दवंडी, डांगोरा आणि पुकारा सुखाने एका गावात नांदले आहेत.

शिवाय कौल कोणत्याही बाजूने लागला तरी तालमीच्या नात्याला धक्का बसत नाही. अलम आणि इअ्लाम दोघेही त्याच ऐन-लाम-मीमचे.

इथे आणखी एक गंमत. लिलाव समुद्रावरून आला, पण अरबीतला लिलावाचा दुसरा शब्द जमिनीवरून महाराष्ट्रात पोचला होता. विदर्भ-मराठवाड्यात लिलावाला हर्रास म्हणतात, हर्रासी म्हणतात. हा अरबी-फारसी 'हर्राज'. गुजरातीत तो हराजी झाला, कन्नडमध्ये हराजु. काहींना हर्रासचा संबंध 'ऱ्हास'शी किंवा 'हरणे'शी जोडावासा वाटतो. कर्जापायी ज्याची जमीन हर्रासात गेली त्याला ते पटेलही. पण शेजारच्या भाषांमधला 'ज' त्या तर्काला उभं राहू देत नाही. म्हणजे मराठीच्या पूर्वेला खुश्कीचा अरबी शब्द आणि पश्चिमेला दर्याचा. आमचं माळेगाव दर्यावाल्यांच्या बाजूला पडलं. आणि ज्या गोव्याने हा शब्द सगळीकडे वाटला, तिथल्या देवळांत देवापुढच्या वस्तूंच्या लिलावाला आजही त्यांचा स्वतःचा शब्द आहे : पावणी.

लिलाव म्हणजे मुळात 'कळवणं', हे एकदा लक्षात आलं की खेळातल्या लिलावाकडे बघण्याची माझी नजर बदलली. पूर्वी आपल्या बाजारांत हत्ता पद्धत होती : रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची, भाव दोघांनाच ठाऊक. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारी उभा राहून अंधारात. उघड लिलाव आला आणि भाव मालूम झाला. खेळाडूंच्या बाबतीतही तसंच. पगार रुमालाखाली ठरत होते तेव्हा मला वहीत काय मांडता आलं असतं?

थैलीची, म्हणजे एकूण पगाराला मर्यादा घालण्याची कुळी वेगळी, ती अमेरिकेची. तिथल्या बास्केटबॉल लीगने १९८४-८५ च्या हंगामात ३६ लाख डॉलरची मर्यादा घातली. बर्फावरच्या हॉकीत मालक आणि खेळाडूंचं याच मुद्द्यावर इतकं बिनसलं की २००४-०५ चा अख्खा हंगाम रद्द झाला, आणि पुढच्या हंगामात ३ कोटी ९० लाख डॉलरची मर्यादा आली. पण तिकडे लिलाव नाही. नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात. मर्यादा आणि लिलाव यांची गाठ घट्ट बांधली ती आपण, २००८ मध्ये क्रिकेटच्या आयपीएलने. कबड्डीने २०१४ मध्ये तेच केलं, हॉकीने त्याआधीच.

खेळाडूंचा लिलाव होतो तो बिगरहंगामात, आणि बिगरहंगाम हा शब्द आमच्याकडे कारखान्याचा. गाळप संपलं की यंत्रं खोलायची, झिजलेलं बदलायचं आणि पुढच्या हंगामाच्या तोडणीचे करार याच महिन्यांत करायचे. मुकादमाला उचल दिली जाते, मोजणी कोयत्यात होते आणि एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. संघबांधणीच ती. पण तिथे कोणाची किती उचल, कोण कोणाकडे बांधला गेला, हे चारचौघांत पुकारलं जात नाही. उघड्यावर ठरलं असतं तर तोडणाऱ्याच्या पदरात जास्त पडलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

परत वहीकडे. हरमनप्रीतवर ७८ लाख म्हणजे थैलीचा जवळजवळ पाचवा हिस्सा एका माणसावर. उरलेल्या तेवीस जणांना सरासरी चौदा लाख. बंगाल टायगर्सने अभिषेकवर ७२ आणि जुगराज सिंगवर ४८, असे १ कोटी २० लाख दोघांवर लावले. थैलीचे तीस टक्के. तात्यांनी विचारलं होतं, "दोघांवर एवढं घातल्यावं बाकीचं काय खायाचं?" पण भावांच्या यादीतली ही नावं बघा. हरमनप्रीत ७८, अर्जेंटिनात जन्मलेला आणि जर्मनीकडून खेळणारा गोन्झालो पेइयाट ६८, नेदरलँड्सचा यिप यान्सेन ५४, जुगराज ४८. चौघेही पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग-फ्लिक मारणारे. हॉकीत खेळाडू हवा तितक्या वेळा आत-बाहेर करता येतो, धावण्याचं काम वाटून घेता येतं. फ्लिक वाटून घेता येत नाही. म्हणून फ्लिकरवर थैली रिकामी करणं हा मी शहाणपणा मानतो. १ फेब्रुवारी २०२५ ला राउरकेलात अंतिम सामना झाला. बंगालने हैदराबादला ४-३ असं हरवलं, आणि त्यातले तीन गोल जुगराजचे.

एक निर्णय मात्र मला मुळीच मान्य नाही. महिलांच्या संघांना थैली दिली दोन कोटींची, पुरुषांच्या निम्मी. उदिता दुहान सर्वांत महाग ठरली ती ३२ लाखांना. मैदान तेवढंच, चेंडू तोच, तालीमही तेवढीच. ही थैलीही चार कोटींचीच हवी होती.

आणि दुसरी सल आपल्या घरची. हॉकीपटू धनराज पिल्ले खडकीचा. २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्स होते, २०१३ च्या पहिल्या हॉकी इंडिया लीगमध्ये मुंबई मॅजिशियन्स, पुढे दबंग मुंबई. ज्या भाषेत तालीम आणि लिलाव हे दोघे भाऊ शेजारी शेजारी नांदतात, त्या भाषेचा मुलूख २०२४ च्या लिलावात टेबलापाशी बसलेलाच नव्हता. पुरुषांचे आठ संघ होते, महिलांचे चार. त्यांत महाराष्ट्राचा एकही नव्हता.