एका श्वासात दोन सूर

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपण म्हणतो. तोंडात घास असताना बोलू नये, हेही आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. आणि जगात काही वादक असे आहेत की त्यांच्या ओठांना पितळेचे भलेमोठे वाद्य लावलेले असते, ते वाजत असते, आणि त्याच वेळी त्याच तोंडाने, त्याच श्वासावर ते गातही असतात! एवढ्यावर थांबले असते तरी नवल होते. पण वाजवलेला एक सूर आणि गायलेला एक सूर अशा दोहोंच्या जोडीला तिसरा आणि चौथा सूरही ऐकू येतो, जो कोणी वाजवलेलाही नसतो आणि गायलेलाही नसतो. पाश्चात्य संगीतात या प्रकाराला मल्टिफोनिक्स म्हणतात. गेले काही दिवस मी याच विषयाच्या मागे लागलो आहे, म्हणून म्हटले, जे हाती लागले ते तुम्हा मंडळींसमोरही ठेवावे.

आधी हे घडते कसे ते पाहू. पितळी वाद्य म्हणजे नुसती लांब नळी. आवाज निर्माण होतो तो वादकाच्या ओठांत. ओठ घट्ट मिटून हवा फुंकली की ते थरथरतात आणि ती थरथर नळी मोठी करते. आपली तुतारी, शिंग, शंख ही सारी याच कुळातली. आता समजा, वादकाचे ओठ सेकंदाला २०० वेळा उघडझाप करताहेत. हा झाला वाजवलेला सूर. याला आपण षड्ज म्हणू. त्याच वेळी तो गळ्यातून ३०० कंपनांचा सूर गातो. दोन आणि तीन हे प्रमाण म्हणजे षड्ज आणि पंचम. गळ्यातला सूर बाहेर पडायला दुसरी वाट नाही, त्याला त्या उघडझाप करणाऱ्या ओठांच्या दारातूनच जावे लागते. दार एका लयीत उघडते आहे, आतून येणारी हवेची लाट दुसऱ्या लयीत येते आहे. या झटापटीतून दोघांची वजाबाकी आणि बेरीज जन्माला येते. ३०० वजा २०० म्हणजे १००, आणि ३०० अधिक २०० म्हणजे ५००. १०० हा मंद्र षड्ज, आणि ५०० हा तार सप्तकातला गंधार! सा आणि प यांच्या पोटी ग जन्मला.

मी आयुष्यभर मराठीचे व्याकरण शिकवले, त्यामुळे मला लगेच संधी आठवला. गण अधिक ईश म्हणजे गणेश. अ आणि ई भेटले आणि तिसराच ए प्रकटला. फरक इतकाच की संधीत मूळचे दोन्ही स्वर नाहीसे होतात, इथे ते जागच्या जागी राहतात आणि वर नवे मिळतात. संगीताच्या जाणकारांना याहून जवळचे उदाहरण आठवेल, ते तंबोऱ्याचे. तंबोरा सुरेल लागला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप कानी येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खर्ज १०० कंपनांचा धरला तर तो गंधार बरोबर ५०० कंपनांवर येतो. म्हणजे तंबोऱ्यातला आणि या पितळी वाद्यातला गंधार एकच! वाट मात्र वेगळी. तिथे तो तारेच्या स्वभावातच असतो, इथे गळा आणि ओठ यांच्या भेटीतून तो मिळवावा लागतो.

आणि 'मिळवावा लागतो' हे मी जाणूनबुजून लिहिले. समजा, वादकाचा गळा किंचित घसरला आणि ३०० ऐवजी ३०५ गायला गेला. शेकडा पावणेदोन इतकी ही चूक, एरवी कदाचित चालूनही जाईल. पण वजाबाकीचा सूर आता १०० ऐवजी १०५ होतो, म्हणजे तिथे चूक शेकडा पाच. जवळजवळ अर्ध्या स्वराइतकी! गळ्यातली लहानशी चूक तळघरात जाऊन तिप्पट होते. मग सूर एकमेकांशी भांडतात आणि नुसती घरघर ऐकू येते. वरवर गंमत वाटावी असा हा प्रकार सुराच्या बाबतीत इतका कडक आहे.

आता इतिहासाकडे वळू. याचा पहिला शोध कोणी लावला, हा प्रश्न मुळात चुकीचा आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातील आदिवासी वाळवीने पोखरलेल्या निलगिरीच्या पोकळ खोडापासून जे वाद्य करतात, ज्याला जग डिजेरिडू म्हणते आणि तिथले योल्ंगू लोक यिडाकी म्हणतात, ते वाजवताना वादक मधूनच आत ओरडतो, रानकुत्र्याची किंवा पक्ष्याची हाक घालतो. वाद्य लाकडी असले तरी वाजते ओठांनीच, आणि तत्त्व हेच. तेव्हा युरोपने जे कागदावर उतरवले ते दुसरीकडे आधीपासून चालू होते, हे लक्षात ठेवून पुढे जावे.

कागदावर उतरवणाऱ्यांत ठळक नाव येते ते जर्मन संगीतकार कार्ल मारिया फॉन वेबर याचे. त्याने हॉर्न या वाद्यासाठी एक छोटी वाद्यवृंदरचना १८०६ साली लिहिली आणि १८१५ साली ती पुन्हा तपासून नवी केली. तेव्हाच्या हॉर्नला झडपा नव्हत्या. झडपांचे एकस्व बर्लिनमध्ये दिले गेले ते १८१८ साली. गोल वेटोळे केलेली साधी नळी, आणि तिच्या तोंडात हात घालून सूर चढवायचे-उतरवायचे. अशा वाद्यासाठी वेबरने रचनेच्या अखेरीस, शेवटचा नाचरा भाग सुरू होण्याआधी, वाद्यवृंद गप्प करून एकट्या वादकाला असे सूर लिहून दिले की जे एका वादकाला वाजवताच येऊ नयेत! एक वाजवायचा, एक गुणगुणायचा, बाकीचे आपोआप उमटतील या भरवशावर. आजही ही जागा जवळ आली की वादकांच्या पोटात गोळा येतो.

वेबर तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. त्याच वर्षीची, १८०६ सालचीच, त्याच्या चरित्रातली एक घटना मला विसरता येत नाही. ब्रेस्लाऊ शहरात (आता ते पोलंडमध्ये आहे) तो राहत असताना, मुद्रणाच्या कामासाठी घरात ठेवलेले आम्ल तो मद्य समजून प्यायला. जीव वाचला, पण त्याचा गोड गळा कायमचा गेला. ज्या वर्षी स्वतःचे गाणे संपले, त्याच वर्षी या तरुणाने एका वाद्याला गायला लावले! या दोन गोष्टींचा संबंध त्याने स्वतः जोडल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि इतिहासात असा संबंध परस्पर जोडूही नये. पण दोन तारखा शेजारी शेजारी दिसल्यावर मन थबकते ते थबकतेच.

वेबरनंतरचा मानकरी फ्रेंच. ओझेन व्हिव्हिए (१८१७ ते १९००). हा हॉर्नवर एकाच वेळी तीन-चार सूर काढून पॅरिसच्या श्रोत्यांना चकित करी. माणूस मोठा विनोदी, थट्टामस्करीसाठी प्रसिद्ध, तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारातही त्याची वर्णी लागली होती. पण आपण हे कसे करतो ते त्याने गुपितच ठेवले, असे त्याच्याविषयी लिहिलेले आढळते. परिणाम काय झाला? लोकांनी त्याच्याकडे जादूगार म्हणून पाहिले. शिष्य नाही, परंपरा नाही. आपल्याकडेही गुरूंनी झाकून ठेवलेल्या चिजा त्यांच्याबरोबरच गेल्याच्या हकिकती आपण ऐकत आलो आहोत. विद्या गुपित ठेवली की तिची करामत होते, आणि करामत माणसाबरोबर संपते. वेबरने ती सुरांच्या लिपीत लिहून ठेवली म्हणून दोनशे वर्षांनंतरही कोणीतरी ती वाजवू शकतो.

विसाव्या शतकात ही विद्या दोन वेगवेगळ्या दारांनी परत आली. एक दार अमेरिकेतल्या काळ्या संगीतकारांचे. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये १९२६ साली दाखल झालेला जो नँटन ट्रॉम्बोन वाजवताना घशातून गुरगुरे, आणि वाद्याच्या तोंडावर तुंबलेली मोरी साफ करायची रबरी वाटी धरून ती गुरगुर उघडी-बंद करी. वाद्य माणसासारखे बोलू लागे. दुसरे दार इटालियन संगीतकार लुचानो बेरिओ याचे. १९६६ साली त्याने एकट्या ट्रॉम्बोनसाठी एक रचना केली, तिच्यात वादकाला वाजवायचे आणि गायचे असते, आणि मध्येच 'का?' असा प्रश्नही विचारायचा असतो. ही रचना ग्रॉक नावाच्या स्विस विदूषकाच्या स्मरणार्थ आहे. बेरिओच्या लहानपणी ग्रॉक त्याच्याच गावच्या परिसरात राहत असे. करामतीपासून सुरू झालेली ही कथा विदूषकापाशी येऊन गंभीर व्हावी, हेही गमतीचेच!

पण मला ज्याच्याविषयी मुख्यतः लिहायचे होते तो माणूस आता येतो. आल्बर्ट मांगेल्सडोर्फ. जन्म १९२८ चा, फ्रँकफर्टचा. म्हणजे त्याचे सारे बालपण नाझी राजवटीत गेले. जॅझ हे काळ्यांचे आणि ज्यूंचे संगीत म्हणून त्या राजवटीला ते नकोसे होते. १९३५ साली जर्मन रेडिओवर त्याला बंदी झाली. आल्बर्टचा थोरला भाऊ एमिल हाही वादकच. फ्रँकफर्टमध्ये चोरून जॅझ वाजवणाऱ्या तरुणांच्या टोळक्यात तो होता आणि धाकट्या आल्बर्टला हे संगीत भेटले ते भावामुळे. पुढे एमिलला गेस्टापोने पकडले, मग रशियाच्या आघाडीवर पाठवले. तिथून तो युद्धकैदी झाला आणि १९४९ साली घरी परतला. आल्बर्टने ट्रॉम्बोन हाती घेतला तो १९४८ साली, बेचिराख झालेल्या शहरात.

ट्रॉम्बोन म्हणजे ती पुढे-मागे सरकणाऱ्या नळीची मोठी पिपाणी. आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये तुम्ही पाहिली असेल. आल्बर्ट त्यात पारंगत झाला. १९६४ साली गोएथे इन्स्टिट्यूटतर्फे त्याच्या संचाने आशियाचा दौरा केला, आणि त्यानंतर निघालेल्या त्याच्या ध्वनिमुद्रिकेत रविशंकरांच्या 'पथेर पांचाली'मधल्या धूनेवर बेतलेली एक रचनाही आहे. पण त्याला ओढ लागली ती एकट्याने वाजवण्याची. इथे अडचण होती. पियानोवाल्याला दहा बोटे असतात, तो एकटा मैफल रंगवू शकतो. ट्रॉम्बोनवाल्याजवळ एका वेळी एकच सूर. साथीला कोणी नसेल तर त्या सुराला आधार कोणाचा?

त्याने आधार स्वतःच्याच गळ्यात शोधला. वाजवायचा सूर, गायचा सूर आणि त्यांतून उमटणारे सूर यांवर त्याने इतका ताबा मिळवला की पूर्ण स्वरसंगती एकटा उभी करू लागला. १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकच्या निमित्ताने जॅझचे कार्यक्रम झाले, त्यांत तो रंगमंचावर एकटाच उभा राहिला. मग आली 'ट्रॉम्बर्ड्स' ही ध्वनिमुद्रिका (पक्षिनिरीक्षणाची त्याला मनापासून आवड होती) आणि १९७६ साली ध्वनिमुद्रित केलेली 'ट्रॉम्बोनलीनेस'. या दुसऱ्या नावात 'ट्रॉम्बोन' आणि 'लोनलीनेस', म्हणजे एकटेपणा, हे दोन शब्द त्याने एकमेकांत मिसळले आहेत. पुन्हा संधीच की!

मांगेल्सडोर्फ २००५ साली गेला. त्याच्या हयातीतच, १९९४ पासून, जर्मनीतल्या जॅझ वादकांच्या संघटनेने त्याच्या नावाने पुरस्कार सुरू केला होता. आज तर संगीत शाळांतले विद्यार्थीही ट्रॉम्बोनवर हा प्रकार शिकतात. व्हिव्हिएची करामत ती विद्या झाली.

या सगळ्याचा विचार करताना मला वाटते, करामत आणि कला यांत फरक किती थोडा आणि किती मोठा आहे! ओठ तेच, गळा तोच, गणितही तेच, २०० आणि ३००. व्हिव्हिएला लोकांनी थक्क व्हावे असे वाटत होते. मांगेल्सडोर्फची गरज वेगळी होती. त्याला एकट्याला पुरेसे व्हायचे होते. ज्याच्या लहानपणी चारजणांनी मिळून जॅझ वाजवणे राजवटीला खुपत होते, त्याने म्हातारपणापर्यंत एकट्याने चारांचे वाजवून दाखवले. आणि हे एकट्याने करताना त्याला नवे काही बाहेरून आणावे लागले नाही. जो श्वास वाद्याला देत होता, त्याच श्वासात थोडा स्वतःचा आवाजही मिसळावा लागला. मात्र तो आवाज खरा हवा. खोटा लागला तर चूक तिप्पट, आणि खरा लागला तर न मागितलेला गंधार पदरात.

असो. इंटरनेटवर मांगेल्सडोर्फचे वादन सहज ऐकायला मिळते. पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटेल, म्हणून लगेच बंद करू नका. डोळे मिटून दोनदा ऐका आणि वाजवलेला सूर कोणता, गायलेला कोणता, आणि कोणाचाच नसलेला कोणता, हे ओळखता येते का पाहा. ओळखता आले तर मलाही जरूर कळवा.